नावापासून नोंदीपर्यंत : बीएनएचएसच्या कीटकसंग्रहाची वाटचाल

बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे (बीएनएचएस) नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पक्षी येतात. धनेशाचे बोधचिन्ह आणि डॉ. सालिम अलींचे जन्मभराचे काम पाहता ते साहजिकच आहे. पण संस्थेच्या संग्रहात संख्येने मोठे दालन आहे ते कीटकांचे. फुलपाखरे, पतंग, भुंगेरे, मुंग्या, गांधीलमाश्या, चतुर, नाकतोडे, ढेकूण असे पन्नास हजारांच्या आसपास नमुने इथे जपलेले आहेत. ते सहसा प्रदर्शनात दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी फारसे बोललेही जात नाही. स्मरणिकेच्या निमित्ताने या दालनाची कहाणी एकत्र मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

ही कहाणी जुळवताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कपाटातले नमुने तेच राहिले, त्यांना विचारले जाणारे प्रश्न मात्र पिढीगणिक बदलत गेले. पहिल्या पिढीने विचारले, हा कीटक कोणता? दुसरीने विचारले, तो जगतो कसा, खातो काय? आजची पिढी विचारते, शंभर वर्षांपूर्वी तो कुठे सापडत होता आणि आता तिथे आहे का? ज्यांनी नमुने गोळा केले त्यांना हा शेवटचा प्रश्न सुचलाही नसेल. तरी त्याचे उत्तर देण्याची सोय त्यांनी करून ठेवली, कारण त्यांनी प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण आणि तारीख लिहून ठेवली.

आठ जणांची बैठक

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ निसर्गप्रेमी जमले. दरमहा भेटावे, आपापली निरीक्षणे एकमेकांना सांगावीत आणि हाती आलेले नमुने दाखवावेत, एवढाच त्यांचा साधा बेत होता. या आठांत दोन मराठी डॉक्टर होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, १८६७ साली प्रार्थना समाजाची स्थापना करणाऱ्यांतले अग्रणी आणि पुढे मुंबईचे शेरीफ. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन, वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्रात रमलेले आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून महाराष्ट्राला परिचित असलेले. बाकी सहा जण युरोपीय होते. त्यांत कर्नल चार्ल्स स्विनहो आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन या दोघांना कीटकांचा विशेष नाद होता. म्हणजे संस्थेच्या जन्मापासूनच कीटक घरचे होते.

स्विनहो लष्करी अधिकारी. फुलपाखरे आणि पतंग हा त्यांचा विषय. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवरचा त्यांचा लेख १८८५ साली लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापून आला. आज मुंबई-पुण्याच्या भोवतालच्या पतंगांचा अभ्यास करणाऱ्याला मागे वळून स्विनहोंपाशी यावेच लागते.

बैठकींना कायमची जागा नव्हती. मद्याचे व्यापारी हर्बर्ट फिप्सन यांनी १८८४ मध्ये फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दुकानातला एक भाग संस्थेला वापरायला दिला. नमुने वाढत गेले तसे १८८६ मध्ये बिऱ्हाड ६, अपोलो स्ट्रीट इथे हलले. त्याच वर्षी संस्थेचे जर्नल निघू लागले. कीटकसंग्रहाच्या दृष्टीने ही सर्वांत मोलाची घटना. नुसता जमवलेला कीटक संग्राहकाबरोबर विस्मरणात जातो. त्यावर लिहिले गेले, छापले गेले, म्हणजे तो सगळ्या जगाचा होतो. हे जर्नल आजही चालू आहे आणि त्याचे जुने खंड जगातल्या कोणत्याही वाचकाला संगणकावर विनामूल्य वाचता येतात.

साताऱ्यात जन्मलेला पहिला सचिव

संस्थेचे पहिले मानद सचिव एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्याचा. शिक्षण मुंबई आणि पुण्याला झाले. काही वर्षे त्यांनी डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवले आणि १८७६ मध्ये ते जकात आणि मीठ खात्यात रुजू झाले. या नोकरीने त्यांना खाराघोडा, उरण, रत्नागिरी, उत्तर कानडा अशा जागा दाखवल्या. ‘ईएचए’ या टोपणनावाने त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत बंगल्यातल्या मुंग्या, पाली, डास आणि बेडूक यांना मानाचे स्थान आहे. घराच्या ओसरीवर बसूनही निसर्गाचा अभ्यास करता येतो, हे त्यांनी वाचकांना पटवून दिले.

त्यांची नजर किती बारीक होती याची साक्ष एका छोट्या करड्या फुलपाखरात मिळते. एपफ्लाय या फुलपाखराची अळी पाने खात नाही. झाडावरच्या पिठ्या ढेकणांवर ती जगते, आणि त्या ढेकणांच्या पांढऱ्या मेणाने अंग माखून त्यांच्यातच दडून राहते. तिचा कोष अगदी छोटा, पण समोरून पाहिला तर थेट माकडाचे तोंड. एटकेन यांनी या अळीचे आणि कोषाचे वर्णन १८९४ साली जर्नलमध्ये छापले. पिठ्या ढेकूण हा फळबागांचा शत्रू असल्याने त्याला खाणाऱ्या या अळीत आजच्या कृषिसंशोधकांनाही रस आहे.

एटकेन यांच्या कामाचा दुसरा धागा हिवतापाशी जुळतो. ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी सापडला. एवढा मोठा शोध लागला तेव्हा तो डास नेमक्या कोणत्या जातीचा हे रॉस यांना सांगता येत नव्हते. पंखांवर ठिपके असलेला डास, एवढीच त्याची ओळख होती. भारतातल्या डासांचा व्यवस्थित संग्रह आणि त्यांची वर्गवारी तोवर झालेलीच नव्हती. पुढे गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात चौक्यांत शिपाई तापाने हैराण होत, तेव्हा त्याचा छडा लावण्याची कामगिरी एटकेन यांच्यावर आली. त्या फिरतीत त्यांनी जमवलेल्या डासांत एक नवी जात निघाली. मेजर जेम्स यांनी तिला अ‍ॅनॉफिलीस एटकेनी असे नाव दिले. सगळे अ‍ॅनॉफिलीस डास सारख्याच प्रमाणात हिवताप पसरवत नाहीत, काही तर अजिबात पसरवत नाहीत. कोणत्या डासामागे लागायचे हे ठरवायचे तर आधी डास ओळखता यायला हवा. संग्रहातली नावे माणसाच्या जीविताशी किती निगडित आहेत, हे या एका उदाहरणावरून कळावे.

कारवारचे त्रिकूट

उत्तर कानडा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. कारवार परिसरात योगायोगाने तीन माणसे एकत्र आली. जे. डेव्हिडसन हे सनदी अधिकारी, थॉमस बेल वनखात्यात आणि एटकेन मीठ खात्यात. तिघांनी मिळून तिथल्या फुलपाखरांचा जो अभ्यास केला, त्याला भारतीय कीटकशास्त्रात तोड नाही. डेव्हिडसन आणि एटकेन यांचा मुंबई इलाख्यातल्या फुलपाखरांच्या अळ्या आणि कोषांवरचा लेख १८९० साली आला. तिघांचा मिळून उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरचा दीर्घ लेख १८९६-९७ च्या जर्नलमध्ये क्रमशः प्रसिद्ध झाला.

तोवर फुलपाखरू म्हणजे जाळ्यात पकडून पंख पसरवून ठेवायची वस्तू होती. या तिघांनी अंडी शोधली, अळ्या घरी आणल्या, रोज ताजा पाला घालून वाढवल्या आणि अंड्यापासून पंख फुटेपर्यंतची प्रत्येक अवस्था लिहून ठेवली. हे काम वाचायला सोपे, करायला कठीण आहे. अळीला नेमक्या तिच्याच झाडाचा पाला लागतो. दुसरा दिला तर ती उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. प्लेन टायगरच्या अळीला रुई हवी, कॉमन मॉरमॉनच्या अळीला लिंबू किंवा कढीपत्ता, जेझेबेलच्या अळीला बांडगूळ, रेड पिएरोच्या अळीला पानफुटी, क्रिमसन रोजच्या अळीला सापसंदाची वेल. म्हणजे फुलपाखराचा अभ्यासक व्हायचे तर आधी झाडांचा अभ्यासक व्हावे लागते. रानातली झाडे त्यांच्या स्थानिक नावानिशी ओळखणारी, अंडी नेमकी कुठे मिळतील ते दाखवणारी माणसे गावोगावची होती. लेबलावर नाव साहेबाचे आले. वाट दाखवणाऱ्याचे बहुधा कुठेच आले नाही. संस्थेच्या इतिहासात त्या अनाम माणसांचे ऋण नोंदवणे आपले कर्तव्य आहे.

बेल या कामाला आयुष्यभर चिकटून राहिले. १९०९ पासून त्यांनी सपाटीवरच्या सामान्य फुलपाखरांवरची लेखमाला जर्नलमध्ये अनेक वर्षे चालवली. निवृत्तीनंतर ते मायदेशी परतले नाहीत, कारवारलाच राहिले. एफ. बी. स्कॉट यांच्याबरोबर त्यांनी हॉकमॉथ कुळातल्या पतंगांवर लिहिलेला ग्रंथ १९३७ मध्ये ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेत निघाला. १९४८ साली कारवारलाच त्यांचे निधन झाले. त्यांचा फुलपाखरा-पतंगांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे गेला.

त्या काळी हीच रीत होती. तुलनेसाठी लागणारे नमुने आणि ग्रंथ लंडनला होते, म्हणून नवे वाटणारे कीटक तिकडे पाठवले जात आणि बहुधा तिकडेच राहत. नव्या जातीचे नाव ज्या एका नमुन्यावर ठरते त्याला ‘टाइप’ म्हणतात. भारतातल्या असंख्य कीटकांचे टाइप आजही परदेशी संग्रहालयांत आहेत. आपल्या अभ्यासकाला आपल्याच सह्याद्रीतला कीटक ताडून पाहायला हजारो मैलांवर जावे लागे. अलीकडे टाइप नमुन्यांची बारकाव्यानिशी काढलेली छायाचित्रे खुली होऊ लागल्याने ही अडचण थोडी कमी झाली आहे. आणि २००२ च्या जैवविविधता कायद्याने नव्या जातीचे नमुने देशातल्या नेमलेल्या भांडारात ठेवणे बंधनकारक केले, हेही योग्यच झाले.

मुंग्यांपासून चतुरांपर्यंत

फुलपाखरांचे कौतुक सर्वांनाच, पण संस्थेच्या संग्राहकांनी दुर्लक्षित गटांकडेही तितक्याच आस्थेने पाहिले. मुंबई इलाख्यातले वनाधिकारी रॉबर्ट रॉटन मुंग्यांच्या मागे लागले. पुणे परिसरातून आणि इतर ठिकाणांहून त्यांनी जमवलेल्या मुंग्या स्वित्झर्लंडच्या ऑग्युस्त फोरेल यांच्याकडे गेल्या. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, पण मुंग्यांचे त्या काळातले जगन्मान्य जाणकार. भारत आणि श्रीलंकेच्या मुंग्यांवरची त्यांची फ्रेंच लेखमाला १८९२ पासून अनेक वर्षे आपल्याच जर्नलमध्ये छापली गेली. मुंग्यांच्या कितीतरी जातींच्या मूळ वर्णनात पुण्याचे नाव आणि संग्राहक म्हणून रॉटन यांचे नाव येते. पुण्याच्या टेकड्यांवर आज मुंग्या पाहणारा विद्यार्थी एका अर्थी त्या जातींच्या माहेरी उभा असतो.

चतुर आणि त्यांच्या नाजूक भावंडांवर, म्हणजे सुयांवर, लष्करी डॉक्टर एफ. सी. फ्रेझर यांनी जर्नलमध्ये प्रदीर्घ लेखमाला लिहिली. तिची परिणती ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’च्या १९३३, १९३४ आणि १९३६ या तीन खंडांत झाली. भारतातले चतुर ओळखायला बसणारा अभ्यासक आजही फ्रेझर उघडूनच सुरुवात करतो. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्यावर कर्नल बिंगहॅम यांचे १८९७ आणि १९०३ चे खंड आहेत.

संस्थेने स्वतः प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांनी अभ्यास घरोघर नेला. ब्रिगेडियर इव्हान्स यांचे भारतीय फुलपाखरांच्या ओळखीचे पुस्तक १९२७ मध्ये निघाले आणि पाचच वर्षांत त्याची दुसरी आवृत्ती काढावी लागली. राजकोटच्या राजकुमार कॉलेजचे प्राचार्य विंटर-ब्लाइथ यांचे पुस्तक १९५७ चे. आयझॅक किहिमकर यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बटरफ्लाइज’ २००८ चे. तीन पुस्तके, तीन काळ. इव्हान्स यांनी जाणकारासाठी ओळख-कोष्टके दिली, विंटर-ब्लाइथ यांनी हौशी निरीक्षकाला हात दिला, आणि किहिमकरांच्या रंगीत छायाचित्रांनी शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन येऊरला किंवा कर्नाळ्याला जाणाऱ्या तरुणांना वेड लावले. तिन्हींच्या मुळाशी संग्रहातले नमुने आणि जर्नलमधल्या नोंदी आहेत.

जागा बदलल्या, शिस्त राहिली

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात संस्थेने प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तु संग्रहालयाच्या, निसर्गविज्ञान विभागाची उभारणी हाती घेतली. क्युरेटर एस. एच. प्रेटर यांनी घडवलेली तिथली दालने पाहून मुंबईच्या कित्येक पिढ्या निसर्गाकडे वळल्या. त्यातून संग्रहाचे दोन भाग स्पष्ट झाले. एक पाहण्यासाठी, काचेमागे, प्रकाशात. दुसरा अभ्यासासाठी, बंद ड्रॉवरांत, अंधारात. प्रकाशाने फुलपाखरांचे रंग उडतात, म्हणून अभ्याससंग्रह लोकांच्या नजरेआड राहतो, आणि त्यातच त्याचे हित आहे.

१९६५ मध्ये संस्थेला लायन गेटसमोर हॉर्नबिल हाऊस ही हक्काची वास्तू मिळाली. स्वातंत्र्यानंतरच्या अडचणीच्या काळात संस्था तगावी म्हणून सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली होती. नव्या वास्तूत संग्रह, ग्रंथालय आणि संशोधक एका छताखाली आले. मुंबई विद्यापीठाच्या मान्यतेने इथे एम.एस्सी. आणि पीएच.डी.चे विद्यार्थी काम करू लागले. हौशी मंडळींनी उभा केलेला संग्रह आता शिकवण्याचे साधनही झाला.

ड्रॉवर उघडल्यावर

संग्राहकांची नावे ग्रंथांत येतात. संग्रह टिकवणाऱ्यांची नावे सहसा येत नाहीत. म्हणून त्यांच्या कामाविषयी इथे जरा सविस्तर लिहायला हवे.

रानातून आलेले फुलपाखरू कागदाच्या त्रिकोणी पुडीत असते आणि वाळून कडक झालेले असते. तसेच उघडायला गेले तर पंख तुटणार. म्हणून ते आधी ओलसर वाळूच्या बंद डब्यात ठेवून मऊ करतात. बुरशी येऊ नये म्हणून त्यात फिनॉलचे थेंब टाकतात. मऊ झाले की छातीच्या मधोमध पिन खुपसून खाचेच्या फळीवर पंख पसरतात. पुढच्या पंखाची मागची कड शरीराशी काटकोनात यायला हवी, म्हणजे मागच्या पंखावरची नक्षी झाकली जात नाही. कागदाच्या पट्ट्यांनी पंख दाबून काही दिवस वाळू द्यायचे. भुंगेऱ्याला पिन मधून टोचत नाहीत, उजव्या पंखकवचातून टोचतात. डावी बाजू अखंड राहिली की उजवीकडचे हरवलेले तपशील डावीकडून कळतात. तांदळाच्या कणीएवढ्या गांधीलमाशीला पिन लावणेच शक्य नसते. तिला कार्डाच्या टोकदार त्रिकोणावर डिंकाच्या कणाने बाजूने चिकटवतात. वाळवी, मावा, अळ्या यांसारखे मऊ अंगाचे जीव वाळले की चुरगळतात, म्हणून ते अल्कोहोलच्या बाटल्यांत जातात. चतुरांचे रंग मेल्यावर झपाट्याने जातात. ते टिकावेत म्हणून अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून मगच वाळवायचे.

हे सगळे झाल्यावर पिनेवर लेबल चढते. ठिकाण, तारीख, समुद्रसपाटीपासूनची उंची, संग्राहकाचे नाव. त्याखाली दुसरे लेबल, जातीचे नाव आणि ती कोणी ओळखली त्याचे नाव. नवे संशोधन होऊन नाव बदलले तर जुने लेबल काढून टाकत नाहीत, त्याखाली नवे लावतात. त्यामुळे जुन्या नमुन्याच्या पिनेवर चार-चार लेबले एकाखाली एक दिसतात आणि कोणत्या काळी कोणाला काय वाटले याचा हिशेब तिथेच मिळतो. लेबल हरवलेला नमुना कितीही देखणा असला तरी अभ्यासाला त्याचा उपयोग फारसा राहत नाही. उलट पंख फाटलेला, रंग उडालेला नमुना लेबलासह असेल तर तो अमूल्य.

मग सुरू होते राखण. मुंबईचा पावसाळा हा अशा संग्रहाचा पहिला वैरी. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की बंद ड्रॉवरांतही बुरशीची पांढरी लव धरते. दुसरा वैरी म्हणजे अँथ्रेनस नावाचे बारीक भुंगेरे. यांच्या केसाळ अळ्या वाळलेल्या कीटकांवर जगतात. त्यांच्या येण्याची पहिली खूण म्हणजे नमुन्याखाली पडलेली तपकिरी भुकटी. ती वेळीच दिसली नाही तर पिनेवर नुसते लेबल उरते. डांबरगोळ्यांचा उग्र वास कीटकसंग्रहांत वर्षानुवर्षे भरून असे, तो यासाठीच. आता त्यांचे दुष्परिणाम लक्षात घेऊन अनेक संग्रहालये ड्रॉवरच्या ड्रॉवर शून्याखाली वीस अंशांवर किंवा त्याहून कमी तापमानात ठेवून कीड मारतात.

तिसरा वैरी पिनेतच दडलेला असतो. जुन्या पिना पितळी. कीटकाच्या शरीरातली चरबी पितळेतल्या तांब्याशी मिळते आणि पिनेवर हिरवा जंग चढू लागतो. वर्षानुवर्षे तो फुगत राहतो आणि शेवटी आतून दाब देऊन नमुना फोडतो. अशी पिन काढून स्टेनलेस स्टीलची घालणे हे कसबी हाताचे काम. एक धक्का लागला तर सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंगीचे डोके वेगळे होते. असा तुटलेला पाय, अशी मिशी टाकून देत नाहीत. ती कार्डावर चिकटवून त्याच पिनेला लावतात. पुढे कधीतरी त्याच पायाला कोणी काही विचारणार असते.

पायातला डीएनए

आणि खरोखरच ती वेळ आली. आज वाळलेल्या कीटकाचा एक पाय काढून त्यातला डीएनए वाचता येतो. ओळखीसाठी बहुतेक वेळा सीओआय या जनुकाचा सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा पाहतात. जुन्या नमुन्यांत डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात, पण तेही जोडून वाचण्याच्या पद्धती निघाल्या आहेत. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या दोन जाती यातून वेगळ्या निघतात. पूर्वीपासूनची रीतही चालूच आहे. नराच्या पोटाचे टोक अल्कलीच्या द्रावणात साफ करून जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पतंगांच्या आणि बारीक भुंगेऱ्यांच्या कितीतरी जाती अजूनही याखेरीज ओळखता येत नाहीत.

दुसरा मोठा उपयोग नकाशाचा. महाबळेश्वर, खंडाळा, माथेरान, कारवार अशी लेबलांवरची नावे आणि तारखा संगणकात घातल्या की एखादी जात कोणत्या काळी कुठवर पसरली होती हे दिसते. त्यावर आजच्या नोंदी ठेवल्या की काय हरवले, काय सरकले, काय नव्याने आले ते कळते. जंगले तुटली, तलाव बुजले, शहरे टेकड्यांवर चढली, पाऊस आगेमागे झाला. या बदलांचा हिशेब मांडायला सुरुवातीचा आकडा हवा, आणि शंभर वर्षांपूर्वीचा आकडा संग्रहांखेरीज दुसरीकडे फारसा मिळत नाही. जुने संग्राहक सोयीच्या ठिकाणी, सोयीच्या ऋतूत हिंडले, हे ध्यानात घेऊनच हा हिशेब करावा लागतो. पावसाळ्यातल्या घाटात नोंदी कमी, थंड हवेच्या ठिकाणी जास्त, असा कल जवळपास सगळ्याच जुन्या संग्रहांत असतो.

कीटक मारून ठेवणे आज योग्य आहे का, हा प्रश्न तरुण निसर्गप्रेमी नेहमी विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अनेक फुलपाखरांना संरक्षण आहे आणि परवानगीशिवाय त्यांना हात लावता येत नाही. फुलपाखरांच्या पुष्कळ जाती छायाचित्रावरून ओळखता येतात. तिथे कॅमेरा पुरे. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. त्या ब्लू मॉरमॉनची नोंद करायला जाळे लागत नाही, मोबाइल पुरतो. पण परजीवी गांधीलमाश्या, तुडतुडे, बारीक माश्या आणि भुंगेरे यांच्या बाबतीत छायाचित्र अपुरे पडते. शेतातल्या किडीला मारणारी गांधीलमाशी कोणती, हे नमुना हाती असल्याशिवाय ठामपणे सांगता येत नाही. तिथे परवानगी घेऊन, गरजेपुरतेच, पूर्ण नोंदीनिशी नमुने घेणे हे शास्त्राचे आवश्यक काम आहे. असा नमुना एकदा नीट ठेवला की शेकडो अभ्यासकांना पुन्हा कीटक मारावा लागत नाही.

पुढच्यांसाठी

या वाटचालीकडे पाहताना संस्थेच्या मूळ स्वभावाचा अभिमान वाटतो. जकात अधिकारी, वनाधिकारी, जिल्हाधिकारी, फौजी डॉक्टर, शाळेचे प्राचार्य, दुकानदार अशा माणसांनी नोकरीधंदा सांभाळून हा संग्रह उभा केला. आजच्या मराठी तरुणांत हीच ओढ दिसते. बँकेत, शाळेत, संगणक कंपनीत काम करणारी मुले-मुली सुट्टीच्या दिवशी कोकणात, मेळघाटात, आंबोलीला कीटक पाहत हिंडतात. त्यांच्या नोंदी आणि संस्थेचा संग्रह यांची सांगड घालणे हे पुढच्या काळाचे पहिले काम.

दुसरे काम माणसे घडवण्याचे. नाकतोडे, तुडतुडे, ढेकूण, बारीक गांधीलमाश्या यांच्या जाती ओळखू शकणारे जाणकार देशात मोजके उरले आहेत. वर्गीकरणाचा अभ्यास वर्षानुवर्षांचा, त्याला झटपट फळ नाही, त्यामुळे विद्यार्थी तिकडे वळत नाहीत. शिष्यवृत्त्या, प्रशिक्षणवर्ग आणि कायम पदे मिळाल्याशिवाय ही विद्या टिकणार नाही. आपल्या सभासदांनी आणि देणगीदारांनी ही गरज आपली मानावी, अशी कळकळीची विनंती आहे. घरात आजोबा-पणजोबांनी जमवलेले कीटक किंवा टिपणवह्या असतील, तर त्या वाळवीच्या तोंडी जाण्याआधी संस्थेला जरूर कळवावे. त्यातली एखादी तारीख, एखादे गावाचे नाव मोलाचे ठरू शकते.

तिसरे काम राखणीचे. ते कधीच संपत नाही. दर पावसाळ्यात प्रत्येक ड्रॉवर उघडावा लागेल, भुकटी शोधावी लागेल, जंग चढलेल्या पिना बदलाव्या लागतील. ज्यांनी आजवर हे निष्ठेने केले त्या सर्व क्युरेटर, सहायक, प्रयोगशाळा सेवक आणि विद्यार्थ्यांना ही स्मरणिका कृतज्ञतेने वंदन करते. एटकेन आणि बेल यांना डीएनएची कल्पना नव्हती, तरी त्यांच्या काळातल्या नोंदी आज डीएनए वाचणाऱ्यांच्या कामी येतात. उद्याच्या अभ्यासकाचा प्रश्न आज आपल्याला सांगता येणार नाही. त्याच्यासाठी नमुना शाबूत ठेवणे, त्यावरचे लेबल वाचता येईल असे राखणे आणि आपल्या काळाच्या नोंदी त्यात प्रामाणिकपणे भरत जाणे, एवढे आपल्या हाती आहे, आणि संस्थेने ते व्रत म्हणून चालवावे.